तुटकी नखं, घरचं तेल आणि कुंभाराचं गाढव

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "तुटकी नखं आणि घरचं तेल." पलीकडे थोडा वेळ शांतता. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं आत्म्यावर बोलावं, कर्मसिद्धान्तावर बोलावं, गेला बाजार आनंदी म्हातारपणावर तरी बोलावं, अशी त्यांची अपेक्षा असणार. पण कार्यकारणभाव म्हणजे काय, हे आम्हाला नीट शिकवलं ते आमच्या बेसिनशेजारच्या तेलाच्या बाटलीनं. म्हणून आज त्या बाटलीविषयी.

गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी आमच्या पत्नीची नखं टोकाला फुटायला लागली. पापुद्रे सुटायचे, साडीच्या धाग्यात अडकायचे, लसूण सोलताना ठणकायचे. शेजारच्या विंगमधल्या एका वहिनींनी तेल दिलं. खोबरेलात लसूण, मेथ्या आणि कढीपत्ता टाकून काळपट होईपर्यंत मंद आचेवर कढवलेलं. रोज रात्री लावायचं. तीन-चार महिन्यांत नखं बरीच सुधारली. आम्ही खूश. सोसायटीत दिसेल त्याला कृती सांगितली, दोघा-तिघांना बाटल्या भरून दिल्या. या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग शेवटी सांगू, कारण तो सांगायला आम्हाला थोडा जड जातो.

आता आपापले हात जरा समोर धरा. लाजू नका, सगळेच बघताहेत. नख दोन तऱ्हांनी फुटतं. एक आडवं. टोकाशी पापुद्रे सुटतात, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याच्या कडा उलगडाव्यात तसे. दुसरं उभं. मुळापासून टोकापर्यंत बारीक रेघा उमटतात आणि त्यातल्या एखाद्या रेघेवर चीर जाते. पहिल्या तऱ्हेमागे बहुतेक वेळा पाणी, साबण आणि रसायनं असतात. दुसऱ्या तऱ्हेतल्या रेघा वयाबरोबर येतात, केस पिकावेत तशा. साधारण पाचांतल्या एकाला ठिसूळ नखांचा त्रास असतो, असं त्वचारोगाची पुस्तकं सांगतात, आणि तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. यावर लगेच कोणी म्हणेल, बायकांची नखं मुळातच नाजूक. पण हे म्हणण्याआधी डोंबिवलीतल्या एखाद्या पोळीभाजी केंद्राच्या मागच्या दाराशी अर्धा तास उभं राहून बघावं.

कणीक मळली, हात धुतले. भाजी चिरली, हात धुतले. परात घासली, तवा घासला, हात पदराला पुसले, की पुन्हा कणीक. आमच्या ओळखीच्या एक बाई अशा केंद्रात पोळ्या करतात. त्यांना नखांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "सर, मे महिन्यात गावाला जाते ना, तिकडे धाकट्या जावा मला हात भिजवू देत नाहीत. महिन्याभरात नखं धड होतात. परत आले की पंधरा दिवसांत पहिल्यासारखी." लक्षात घ्या, गावी त्या कसलंही तेल लावत नव्हत्या. त्यांचा हा महिना ध्यानात ठेवा. तो पुढे लागणार आहे.

नख म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाच्या पातळ थरांची चळत. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. केस, शिंग, खूर हे सगळे याच घराण्यातले. नखाचा जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी पांढुरका अर्धचंद्र दिसतो ना, ते त्याचं बाहेर डोकावणारं टोक. तिथे पेशी तयार होतात, चपट्या होतात, मरतात आणि पुढे ढकलल्या जातात. म्हणजे आपल्याला दिसतं ती सगळी पाटी मृत असते. म्हणून तर नख कापताना दुखत नाही. आयुर्वेदानं नखांना अस्थिधातूचा मल म्हटलं आहे, शरीर घडताना मागे उरलेला भाग. आधुनिक शरीरशास्त्राची भाषा निराळी, पण दोन्हींतून एक गोष्ट निघते. बाहेर आलेल्या नखाला वरून जेवू घालता येत नाही. 'नखांचं पोषण करणारं तेल' हे शब्द बाटलीवर छान दिसतात, पण जेवायला आत कोणी नाही.

तीच गोष्ट कॅल्शियमची. नखावर पांढरा ठिपका दिसला की घरात कोणीतरी म्हणतंच, "कॅल्शियम कमी झालंय." नखात कॅल्शियम अगदी नगण्य असतं. नखाचा कडकपणा येतो केराटिनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. पांढरा ठिपका बहुधा काही आठवड्यांपूर्वी मुळाशी लागलेल्या बारीकशा माराची खूण असते. आम्ही लहानपणी बगळ्यांचा थवा दिसला की नखं पुढे करून त्यांच्याकडे कवडी मागायचो, आणि नखावर ठिपका उमटला की बगळ्यानं दिली म्हणून नाचायचो. कॅल्शियमचा सिद्धान्त आमच्या बगळ्यापेक्षा फारसा पक्का नाही.

नख वाढतं किती? हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला सहा महिने. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. विल्यम बीन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर खूण करून ती किती सरकते, हे ३५ वर्षं मोजलं आणि १९८० साली ते प्रसिद्ध केलं. वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचं नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५. म्हणजे आपल्या वयात सगळंच थोडं सावकाश. यातून पहिला व्यावहारिक नियम असा, की आज मुळाशी काही सुधारलं तर ते टोकाला दिसायला निदान सहा महिने लागतात. आठ दिवसांत नखं मजबूत झाल्याचं कोणी सांगितलं, तर नमस्कार करावा आणि पुढे जावं.

मग तेलाचा उपयोग नाही का? आहे. पण तो कणकेसारखा आहे. मळलेल्या कणकेच्या गोळ्याला आपण वरून तेलाचा हात लावून झाकून ठेवतो. ते तेल कणकेला खायला घालत नाही. आतलं पाणी उडू नये आणि वर कोरडी पापडी धरू नये, एवढंच त्याचं काम. नखाचं तसंच. नखातून पाणी कातडीपेक्षा खूप सहज आत-बाहेर करतं. हात पाण्यात गेला की नख पाणी पिऊन फुगतं, बाहेर आला की वाळून आक्रसतं. दिवसात वीस-पंचवीस वेळा हे झालं की थरांना धरून ठेवणारा बंध सैल पडतो आणि पापुद्रे सुटतात. साबण नखातला मुळातच थोडा असलेला स्निग्ध अंशही धुऊन नेतो. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन तेच करतं, एमआयडीसीत सॉल्व्हंट हाताळणाऱ्या कामगारांच्या बाबतीतही तेच. तेलाचा पातळ थर या भिजण्या-वाळण्याचा वेग कमी करतो. तेलाचं कर्तृत्व एवढंच, पण ते खोटं नाही.

आता कृती, कारण बरेच जण वही काढून बसलेत. रात्री सगळी कामं आटपली की बोटं कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवावीत. पाणी गरम नको. मधुमेहामुळे संवेदना कमी असेल तर पाण्याचा अंदाज दुसऱ्याला घ्यायला सांगावा. मग पंचानं टिपून घ्यावं आणि नख किंचित ओलसर असतानाच दोन्ही हातांना मिळून चार-पाच थेंब तेल मुळाशी, कडांना आणि नखाच्या टोकाखाली चोळावं. इथे कोणी विचारेल, मघाशी पाण्याला दोष दिला आणि आता पाण्यातच हात घालायला सांगता? दोष भिजण्याचा एकट्याचा नाही, भिजून उघड्यावर वाळण्याचा आणि ते पुन्हा पुन्हा होण्याचा आहे. इथे आपण एकदाच भिजवतो आणि लगेच झाकण लावतो.

तेल कुठलं? घरात असेल ते. खोबरेल चालतं. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, एवढाच त्रास. तिळाचं तेल पातळ आणि पसरायला बरं. एरंडेल घट्ट आणि चिकट असतं, म्हणून तीन भाग तिळाच्या तेलात एक भाग मिसळलं की पुरे. मूळ कोकणातल्या घरांत कोकमतेलाचा, म्हणजे मुठेलाचा गोळा अजून असतो. टाचांच्या भेगांना लावतात तो. खोलीच्या तापमानाला घट्ट राहतो, किंचित गरम करून चोळला की विरघळतो आणि नखावर जास्त वेळ टिकतो. काहीच नसेल तर साधं व्हॅसलीन हेच काम करतं. अलीकडे ठाण्यापासून कल्याणपर्यंत लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं निघाली आहेत. ते तेल जेवणात जरूर वापरा. नखासाठी मुद्दाम महाग तेल घ्यायचं कारण नाही.

काही गोष्टी मात्र लावू नका. लिंबाचा रस नखं चकचकीत करतो, पण आम्ल नखाला आणखी कोरडं करतं. कच्ची लसूण बांधून ठेवली तर कातडी अक्षरशः भाजते. आणि बिब्बा. गावाकडे भेगांना बिब्ब्याचा चटका देणारे अजून भेटतात. बिब्बा उतला तर काय होतं, हे ज्यानं पाहिलंय तो नखाजवळ त्याचं नावही काढणार नाही.

तेलापेक्षा मोठा उपाय मात्र तेलाआधीचा आहे. भांडी घासताना रबरी हातमोजे, आणि आत सुती, कारण नुसत्या रबरात घामानंच हात भिजतो. नखं आखूड ठेवायची, अंघोळीनंतर मऊ असताना कापायची, कानस एकाच दिशेनं फिरवायची. नखानं डबा उघडायचा नाही, स्टिकर खरवडायचा नाही. यात सांगण्यासारखी चमत्कारिक गोष्ट एकही नाही. म्हणूनच बहुधा ती कोणी कोणाला फॉरवर्ड करत नाही.

आता गाढवाकडे येऊ. न्यायशास्त्रात कारणाची व्याख्या करताना एक अडचण येते. कार्याच्या आधी नेमानं जे असतं ते कारण, असं म्हटलं तर मडक्याच्या आधी काय काय असतं? माती असते, चाक असतं, काठी असते, कुंभार असतो. पण काठीचा रंगही असतो. कुंभाराचा बापही कधीतरी असावाच लागतो. आणि माती वाहून आणणारं गाढव असतं. मग गाढव मडक्याचं कारण का नाही? सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांच्या 'भाषापरिच्छेदा'त अशा पाहुण्यांची यादीच आहे. त्यांना 'अन्यथासिद्ध' म्हणतात. ते तिथे असतात, पण त्यांच्यावाचून काम अडत नाही. माती डोक्यावरून आणली, हातगाडीनं आणली, तरी मडकं होतंच.

हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. परीक्षेत त्यावर टीपा लिहायला लावल्या. आणि घरी आल्यावर गाढवालाच हार घातला. कारण ज्या आठवड्यात ती काळी बाटली घरात आली, त्याच आठवड्यात पत्नीची बोटं दुखतात म्हणून आम्ही भांड्यांना बाई ठेवल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या. नखं सुधारली ती मुख्यतः हात पाण्याबाहेर आल्यामुळे, आणि काही अंशी खोबरेलाच्या थरामुळे. लसूण, मेथ्या आणि कढीपत्ता गाढवाच्या जागी होते. पण कौतुक त्यांचं झालं, कारण वास त्यांचा येत होता. पोळ्या करणाऱ्या त्या बाईंचा मे महिना आठवा. तेल नाही, पाणीही नाही, आणि नखं धड. आमच्याकडे हा पुरावा चार वर्षं समोर होता. आम्ही तो विचारला नाही, कारण आम्हाला उत्तर मिळालेलं होतं.

पुढे त्या भांड्याच्या बाई काम सोडून गेल्या आणि भांडी आमच्याकडे आली. सेवानिवृत्त माणसानं काहीतरी करावंच. दोन महिन्यांत आमची नखं फुटायला लागली. 'बायकांची नखं नाजूक' हा सिद्धान्त तिथेच संपला. तेव्हा आम्ही एक साधा प्रयोग केला. डाव्या हाताला कढवलेलं काळं तेल, उजव्याला दुकानातलं नुसतं खोबरेल, दोन्ही हातांना मोजे, सहा महिने. दोन्ही हात सारखेच सुधारले. एका माणसाच्या दहा बोटांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण आमच्या स्वयंपाकघरातली लसूण वाचली. आपल्यालाही हा प्रयोग करता येईल, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आणि आता उरलेला अर्धा भाग. नखं सुधारली, पण पूर्ण नाही. त्याच काळात पत्नीला थकवा यायचा. पंखा बंद करा, गार लागतंय, असं ती एप्रिलमध्ये म्हणायची. केस गळायचे, त्वचा कोरडी, पोट साफ नाही. आम्ही म्हणत होतो, वय झालं. नखांबद्दल तर चिंताच नव्हती, कारण त्यावर आमच्याकडे तेल होतं. आठ महिन्यांनी दुसऱ्याच कारणानं रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड खूपच कमी काम करत असल्याचं कळलं. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत माणूस परत आलं. नख आम्हाला काहीतरी विचारत होतं आणि आम्ही तेल लावून त्याला गप्प केलं होतं. तेलानं अपाय केला नाही. अपाय केला तो आमच्या खात्रीनं.

म्हणून नख डॉक्टरांना कधी दाखवायचं, हे लिहून घ्या. ठिसूळ नखांबरोबर थकवा, गार वाटणं, केस गळणं असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. नख चमच्यासारखं खोलगट झालं, त्यावर पाण्याचा थेंब ठरू लागला, तर लोह कमी असण्याची शक्यता असते. एखाद-दोनच नखं जाड, पिवळी, भुसभुशीत झाली असतील तर बुरशी असू शकते. मधुमेह असेल तर ती अंगावर काढू नका. नखांवर सुईनं टोचल्यासारखे खळगे सोरायसिसमध्ये दिसतात. आणि एकाच नखात काळी-तपकिरी उभी पट्टी नव्यानं आली, रुंद होऊ लागली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी निघते, पण क्वचित ती कर्करोगाची खूण असते.

एक शेवटचा इशारा बायोटिनच्या गोळ्यांबद्दल. घोड्यांच्या आणि डुकरांच्या खुरांना बायोटिनचा फायदा होताना दिसला, तिथून ते माणसाच्या नखांकडे आलं. रोज अडीच मिलिग्रॅम देऊन केलेले काही छोटे अभ्यास अनुकूल आहेत, भक्कम पुरावा नाही. पण मुद्दा वेगळा आहे. शरीराची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गोळी मिलिग्रॅममध्ये असते. रक्तातलं हे जादा बायोटिन काही प्रयोगशाळा-चाचण्यांना फसवतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली तसा इशाराच दिला. थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी येऊ शकते. म्हणजे बघा, थायरॉइडमुळे नखं तुटतात, नखांसाठी बायोटिन घेतलं जातं आणि बायोटिनमुळे थायरॉइड सापडत नाही. गोळी घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबला सांगा, आणि किती दिवस थांबायचं ते विचारा.

मागून एक प्रश्न आला आहे, "नखांवर नखं घासली की केस वाढतात का?" लोकलमध्ये ठाण्यापासून कल्याणपर्यंत नखं घासत बसलेली मंडळी आम्हीही पाहिली आहेत. केस आणि नखं दोन्ही केराटिनची, हे खरं. पण मडकं आणि कौल एकाच मातीचे असले तरी कौल घासून मडकं मोठं होत नाही. घासून घासून नखांचे पापुद्रे सुटतील, एवढी शक्यता मात्र आहे. त्यापेक्षा शेजारच्या सीटवर एखाद्या ताई मेथी निवडत असतील तर त्यांना दोन जुड्या निवडून द्या. मेथी नखाला लावून उपयोग नाही, पोटात गेली तर थोडं लोह तरी मिळेल.

आज रात्री तेल जरूर लावा. लावताना नखाकडे नीट बघा, आणि शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, बरं वाटतंय ना? आम्ही इथे थांबतो.